भाऊंचा ड्रम

अकोल्याहून शेगावला निघालेल्या गाडीत लोक पारसपासूनच हात जोडायला लागतात. भाऊ खिडकीला नाक लावतात. तिथल्या वीजकेंद्राचे 250 मेगावॉटचे दोन संच, आणि त्यांचा धूर. "पाहा मास्तर, शंभरात बारा-तेरा भाग कार्बन डायऑक्साइड. कोनीच धरत नाही!"

एमआयडीसीजवळ भाऊंचं वर्कशॉप आहे, डाळमिलच्या मशिनी दुरुस्तीचं. मोठी वस्तू लहान करायची, महाग असेल तर स्वस्त, हा त्यांचा धर्म. त्यांनी लहान केलेला कूलर अजून चालतो. वारा फक्त एका कानाला लागतो.

मी एकदा बोलून बसलो, की हा वायू शोषायला अमाइन मिसळलेलं पाणी उंच मनोऱ्यातून गळत सोडतात.

"गळत? मंग उंची लागनारच! त्याले गरगर फिरवा ना."

चूक नव्हतं. इंग्लंडात कॉलिन रॅमशॉ यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस हेच केलं होतं. जाळी भरलेला ड्रम जोरात फिरतो, द्रव मधून बाहेर फेकला जातो, वायू बाहेरून आत घुसतो. मनोऱ्याचं काम पिंपाएवढ्या जागेत. ऐकून भाऊंचा चेहरा पडला. "आपल्या आधी?"

दुसऱ्या दिवशी काकूंची वॉशिंग मशीन वर्कशॉपात. ड्रममध्ये भांडी घासायच्या दोन डझन तारेच्या घासण्या, मधोमध चुन्याची निवळी, बाजूने जनरेटरचा धूर. थोड्या वेळात निवळी दुधासारखी! शेजारच्या मिलमधले हमालही पाहायला आले.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "भाऊ, चुनखडी भाजून चुना करताना हाच वायू सुटतो. तुम्ही धरला तेवढा भट्टीवर आधीच सुटलाय."

भाऊ तंबाखू मळत होते. ते बोटावरच्या चुन्याकडे बघत राहिले.

"मंग अमाइन?"

"त्यातून वायू परत काढायला 120 अंशांपर्यंत तापवावं लागतं. खरा खर्च तिथंच."

"पंचेचाळीस तर आपलं मे महिन्याचं ऊनच देते. राह्यले पंच्याहत्तर!"

तेवढ्यात काकू दारात. भाऊ घाईनं म्हणाले, "अवं, तिकडं तुतिकोरिनले 2016 पासून बॉयलरचा धूर धरून सोडा करू लागले. आपल्याच खरगपूरच्या आयआयटीतल्या पोरायची युक्ती. तुले धुन्याचा सोडा घरीच भेटन."

"सोडा भेटन. पन धुऊ कायच्यात?"

वायू परत काढायलाही फिरता ड्रमच हवा, असं भाऊंचं म्हणणं आहे. तेव्हा कोणाकडे जुनी मशीन पडून असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका.