विनाविरोध मंजूर

घोडपदेवला आता खड्डासुद्धा रंगीत उजेडात दिसतो. २०२२च्या अखेरीस पालिकेने सुमारे १,७०० कोटींचे मुंबई सुशोभीकरण काढले. विजेच्या खांबांना दिव्यांच्या माळा चढल्या, पुलांना रंग लागला. चाळीतल्या नळाला तेवढा दाब चढला नाही.

तक्रार करायची कुणाकडे? नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि पुढचे मतदान उजाडले १५ जानेवारी २०२६ला. मधल्या काळात प्रशासकांनीच अंदाजपत्रक मांडायचे, प्रशासकांनीच मंजूर करायचे. २०२५-२६चे ७४,४२७ कोटी असेच पार पडले. ना सभात्याग, ना राजदंडाची पळवापळवी. एवढे एकमत तर दोन भावांच्या घरातही होत नाही!

आता नगरसेवक परत आलेत. आम्ही लगेच मोठे काही मागणार नाही. शेजारच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आलेले पेंग्विन थंडगार घरात राहतात, स्वच्छ पाण्यात डुंबतात. त्यांच्यावर आमचा राग मुळीच नाही. त्यांनी अर्ज कोणत्या खिडकीवर दिला होता, एवढे फक्त कळवावे.