आरसीसीची अळंबी

बोईसर-पालघर पट्ट्यातल्या रानअळंबीचं संवर्धन एकदाचं मार्गी लागलं. आठ फूट उंच आहे. आरसीसीची आहे. वर लाल ऑइलपेंट, त्यावर पांढरे ठिपके, देठाभोवती गोल बाकडं आणि बाकड्यावर ‘सौजन्य’ लिहून पुढे चार नावं. शेजारी फलक: ‘दुर्मीळ अळंबी वाचवू या’. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. अळंबी वाचली.

कुठलं उद्यान, असं विचारू नका. पेंग्विनच्या तोंडात कचरा टाकायचा आणि मगरीच्या पाठीवर बसून भेळ खायची, तेच ते. फक्त आता त्याला ‘जैवविविधता उद्यान’ म्हणायचं.

माझं भांडण त्या ठिपक्यांशी आहे.

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी या जगात आहे, नाही असं नाही. थंड मुलखात, भूर्ज आणि पाइनच्या झाडांखाली उगवते. विषारी आहे, खाल्ली तर माणसाला भास होतात. असावा किल्ल्याच्या रानात किंवा वाघोबा खिंडीच्या उतारावर ती कोणी पाहिल्याचं ऐकिवात नाही, आणि कोणी पाहिलीच असेल तर त्याने आधी दुसरं काहीतरी घेतलेलं असणार. ज्या गावात डिसेंबरातही पंखा लागतो तिथे ही बया उभी राहिली, कारण परीकथेच्या पुस्तकात तीच, व्हिडिओ गेममध्ये तीच आणि ठेकेदाराकडे साचाही तिचाच. लाल रंगाची मात्र अडचण आली नसणार. कारखाने हाकेच्या अंतरावर, आणि रंग डब्यातूनच मिळतो असं थोडंच आहे? आमच्याकडे तो नाल्यातूनही येतो.

ठिपके किती असावेत याबाबत शास्त्र गप्प आहे. अंदाजपत्रक गप्प नसतं. ‘पांढरे ठिपके, नग २१, दोन हात रंगासह.’ मी जाऊन मोजले. १७ भरले. चार ठिपके गेले कुठे? चौकशी केली तर उत्तर मिळालं, उरलेले टोपीच्या माथ्यावर आहेत, खालून दिसत नाहीत. बरं, शिडी लावून बघू. शिडी अंदाजपत्रकात नाही. शिडीची बाब वेगळी, तिला मंजुरी वेगळी. मंजुरी मिळून शिडी येईपर्यंत पावसाळा लागणार, आणि पावसाळ्यानंतर माथ्यावर ठिपके सापडले नाहीत तर ती ‘नैसर्गिक झीज’ धरली जाणार, म्हणजे पुन्हा रंगकाम, पुन्हा निविदा. मोजमाप पुस्तकात २१ आहेत, बिल २१ चं निघालंय. परवा चहाच्या टपरीवर ऐकलं की पलीकडच्या वॉर्डाला या ठिपक्यांमध्ये अन्याय दिसतोय. त्यांनाही अळंबी हवी, आणि ५१ ठिपक्यांची हवी. एकाने सुचवलं, ठिपक्यांत रात्री पेटणारे दिवे बसवा. दुसरा म्हणाला, सेल्फी पॉइंटशिवाय संवर्धनाला अर्थ नाही. चहावाल्यानेच काय तो मुद्द्याचा प्रश्न विचारला: ‘पण आपल्याकडच्या अळंबीला ठिपके असतात का, साहेब?’

नसतात. आपली अळंबी मातकट, मळकट पांढरी. पहिले जोराचे पाऊस झाले, विजा कडाडल्या की वारुळाच्या आसपास जमीन फोडून वर येते. टोपीच्या मध्यावर एक टोकदार उंचवटा असतो, त्यानेच ती माती भेदते. उपटायला जावं तर देठ संपतच नाही. मुळीसारखा निमुळता होत हातभर खाली जातो आणि थेट वाळवीच्या घरात पोचतो. कारण ही शेती वाळवीची आहे. वाळवी म्हणा, उधई म्हणा. वाळलेली पानं, लाकूडफाटा चावून ती जमिनीखाली त्याचे सच्छिद्र गड्डे रचते, त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी पचवून देते. शास्त्राने या बुरशीला नाव ठेवलंय टर्मिटोमायसिस, आणि दोघांची भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. इतकी जुनी भागीदारी आमच्या औद्योगिक वसाहतीत एकही नाही. बाजारात पाकिटातून मिळणारी अळंबी शेडमध्ये होते. ही होत नाही. वाळवीशिवाय ती टोपी काढत नाही. वारूळ गेलं की अळंबी गेली, हिशेब संपला.

आता उद्यानाच्या कामातल्या बाबी वाचा, क्रमाने. बाब एक: जागा साफ करणे, उंचवटे व वारुळं काढून सपाटीकरण. बाब दोन: वाळवीप्रतिबंधक फवारणी. बाब तीन: पेव्हर ब्लॉक. बाब चार: अळंबी.

पेव्हर ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर मला आवरू नका. या जिल्ह्यात जमीन दिसली की कोणाच्या तरी पोटात दुखतं. माती म्हणजे काम बाकी. झाडाच्या बुंध्याला गळफास लागेपर्यंत ब्लॉक, विहिरीभोवती ब्लॉक, स्मशानात ब्लॉक, आणि आता जैवविविधतेच्या नावाने ब्लॉक. उरलेल्या मातीत जो पालापाचोळा पडतो तो रोज सकाळी झाडून कोपऱ्यात पेटवायचा, कारण स्वच्छता. तो पाचोळा कोणाचं तरी अन्न आहे हे सांगणारा माणूस वेडा ठरतो. डोंगरांची गोष्ट तर बोलूच नये. कोणाला रस्त्याला भराव पाहिजे, कोणाला रुळाला, कोणाला बंदराला, मुरूम आमचा. अर्धा डोंगर डंपरमध्ये भरून गेला, आणि कागदावर काय गेलं? झाडं. तीही मोजून, बुंध्याचा घेर लिहून, बदल्यात दुसरीकडे खड्डे खणून. जमिनीखाली जे होतं त्याचा रकानाच नाही. पाहणी होते ती मे महिन्यात, कारण पावसात रानात बूट चिखलाने भरतात. आणि अळंबी वर येते पावसात, दोन-तीन दिवस. मे महिन्यात अळंबी शोधून ‘आढळली नाही’ असा अहवाल देणाऱ्यांना मी फेब्रुवारीत आंब्याच्या बागेत पाठवणार आहे, तिथेही सदर क्षेत्रात हापूस आढळणार नाही.

कायद्याकडे जावं तर तिथे वेगळीच गंमत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत वाघ आहे, घोरपड आहे, काही वनस्पतीही आहेत. बुरशी एकही नाही. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज म्हणजे काय ते सांगतो, तर ते ‘वनस्पतिजन्य’. आणि बुरशी वनस्पती नाही, हे शास्त्राने १९६९ मध्येच पाच सृष्टींच्या मांडणीत सांगून ठेवलंय, तारापूरची अणुवीज सुरू झाली त्याच वर्षी. म्हणजे अळंबी प्राणी नाही, वनस्पती नाही, दगडही नाही. तिच्यासाठी कोणाला निलंबित करता येत नाही. जगाच्या लाल यादीत मार्च २०२५ मध्ये बुरशींचा आकडा १,३०० वर गेला, त्यातल्या किमान ४११ नामशेष होण्याच्या धोक्यात. आपल्याकडे ती यादी पोचली असावी. लाल रंग तरी तिथूनच घेतलेला दिसतो.

श्रावणात मटण बंद असतं तेव्हा या पट्ट्यातली कितीतरी घरं अळंबीच्या कालवणावर तग धरतात. पाड्यावरच्या बाया ती सागाच्या पानात घेऊन मनोरला, बोईसरला येऊन बसतात. त्यातल्या एकीला विचारलं, यंदा एवढीशीच? ती म्हणाली, ‘वारूळंच कुठं ऱ्हायली, दादा? आन् हाय तिथं जाली मारलीय.’ मी तिला उद्यानातल्या अळंबीबद्दल सांगितलं. तिने पानाची पुडी बांधता बांधता विचारलं, ‘त्ये कोन खानार?’ खाल्लं गेलंय, म्हटलं, पण तिला ते कळलं असावं असं वाटत नाही. सुटे पैसे शोधत होती.

दुसरा टप्पा जाहीर झालाय. निसर्गप्रेमींनी आक्षेप घेतला की वारुळाशिवाय अळंबी अपुरी आहे. आक्षेप तत्काळ मान्य. आता शेजारी फायबरचं सहा फुटी वारूळ येतंय, आत दिवा आणि नाग. निविदेतली अट क्रमांक नऊ अशी: सदर वारुळास वाळवी लागणार नाही, याची दहा वर्षांची लेखी हमी ठेकेदाराने द्यावी.