पिवळ्या फुलांचा उतारा

स्टीव्हन सोडरबर्गचा 'कन्टेजन' 2011 सालचा. शेजारच्या नानांनी तो परवा रविवारी पहिल्यांदा पाहिला, आमच्याकडे, खाऱ्या शेंगदाण्यांसकट. बाकीच्या जगाने तो 2020 मध्ये घरात कोंडून पडल्यावर पाहिला होता. नानांना तेव्हा सवड नव्हती. ते सोसायटीत दारोदार आर्सेनिकम अल्बम 30 वाटत होते. आयुष मंत्रालयाचा सल्लाच होता म्हणे. यातलं 'म्हणे' माझं, सल्ला खरा.

सिनेमा भलताच अभ्यासू. इयान लिपकिनसारखे विषाणूतज्ज्ञ सल्लागार, विषाणू निपाहवरून बेतलेला. ग्वेनेथ पॅल्ट्रोसारखी नटी पहिल्या काही मिनिटांतच मारून टाकली आहे. (आपल्याकडे मरण्याआधी एक गाणं तरी पदरात पडलं असतं.) केट विन्स्लेटची डॉक्टर सांगते, माणूस दिवसातून दोन-तीन हजार वेळा तोंडाला हात लावतो. नानांनी तेवढ्यात नाक खाजवलं. एका रोग्यापासून किती जणांना लागण होते, ते गणित ती फळ्यावर मांडेपर्यंत शेंगदाणे संपले.

मग येतो ज्यूड लॉ. इंटरनेटवर लिहिणारा, सरकारवर खार खाणारा. फोर्सिथिया नावाच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या औषधाने आपण खडखडीत बरे झालो, असं तो जगाला सांगतो. लोक औषधाची दुकानं फोडतात. पुढे कळतं, याला रोग झालाच नव्हता. पैसे मात्र झाले. पोलीस धरतात, तर जामिनाची रक्कम भक्तच भरतात. 2011 मध्ये मला हे अंमळ भडक वाटलं होतं. मी तेव्हा कुठल्याच ग्रुपवर नव्हतो.

लस येते तेव्हा जन्मतारखांची सोडत निघते. इथे मात्र पटकथाकाराची कल्पनाशक्ती तोकडी पडली. 2021 च्या मे महिन्यात आपल्याकडे सोडत अंगठ्यांची होती. कोविनवर ज्याचा अंगठा चपळ त्याला स्लॉट. मी पुण्यात राहतो. टोचून घ्यायला भोरला गेलो. त्या निमित्ताने घाट पाहून झाला.

शेवटी वटवाघूळ, केळं, डुक्कर आणि मकावचा आचारी. तो हात न धुता एप्रनला पुसतो आणि पॅल्ट्रोबाईंशी हस्तांदोलन करतो. नाना सुन्न. पडद्यावरची नावं संपेपर्यंत हलले नाहीत. मग चपला घालता घालता हळूच म्हणाले, "ते फोर्सिथिया आपल्याकडे कुठं मिळतं हो?"