उशिरा आलेला विस्तव

नव्या उद्योजकांना नेतृत्व शिकवायला बाहेरून गुरू आणायचाच झाला, तर त्याला गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून थेट किनाऱ्यावरच्या हॉटेलात नेऊ नये. आधी डिचोलीमार्गे मये गावाला आणावा. टीम कशी फुटावी याची झकास हकिकत इथे फुकट ऐकायला मिळते.

लोककथा अशी. सात बहिणी आणि एक भाऊ घाटावरून उतरले आणि मयेत थांबले. भांडवल शून्य, गुंतवणूकदाराचा पत्ता नाही. चूल पेटवायची म्हणून भाऊ खेतोबाला विस्तव आणायला धाडलं. वाटेत पोरं खेळत होती, खेतोबा रमला, उशीर झाला. बहीण लईराई संतापली आणि तिने भावाला लाथ मारली.

इथवरचं कुठल्याही स्टार्टअपमध्ये रोज घडतं. फक्त तिथे लाथेला फीडबॅक म्हणतात. पुढचं मात्र घडत नाही. लईराईला पश्चात्ताप झाला आणि निखाऱ्यांवरून चालायचं प्रायश्चित्त तिने स्वतःकडे घेतलं. शेजारच्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत तिचे व्रतस्थ धोंड आजही होमकुंडातून जातात. उशीर भावाचा, चटके बहिणीला! कुठला एचआर हे मान्य करील? अमेरिकेतले टोनी रॉबिन्सही शिबिरांत लोकांना निखाऱ्यांवरून चालवतात. पण तिथे लाथ खाणाराच पैसे भरून चालतो.

'बेटर डॉट कॉम'च्या विशाल गर्ग यांनी डिसेंबर 2021 मध्ये एका झूम कॉलवर सुमारे 900 माणसं घरी पाठवली. बोभाटा झाला, माफीचं पत्र निघालं, साहेब रजेवर गेले आणि जानेवारीत परत खुर्चीत बसले. प्रायश्चित्ताचं एवढं सुटसुटीत रूप आमच्या देवीला सुचलं नाही. झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी 2024 मध्ये त्याहून पुढची पायरी गाठली. चीफ ऑफ स्टाफची जागा, पहिल्या वर्षी पगार नाही, उलट उमेदवारानेच 20 लाख दान करायचे! मागाहून त्यांनी सांगितलं, पैसे घ्यायचे नव्हतेच, ती नुसती चाळणी होती. खेतोबा त्या चाळणीतून पहिल्याच दिवशी गळला असता.

भावंडं मग पांगली. महामाया मयेतच राहिली, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला. मिराबाई म्हापशाला गेली आणि चर्चमधली मिलाग्रिस सायबीण झाली. म्हणजे एका सहसंस्थापिकेने धर्मच बदलला, तरी लईराई आणि सायबिणीत तेल-फुलांची देवाणघेवाण चालू आहे. आमच्याकडे दोन मित्र ॲप काढतात आणि वर्षभरात एकमेकांशी फक्त वकिलामार्फत बोलतात.

तरीही नवउद्योजकांना लईराईपेक्षा मयेचा दुसरा पुढारी जवळचा वाटेल: कोंद. पोर्तुगिजांची पदवी मिरवणारा हा जमीनदार. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, कोंद पोर्तुगालला गेला, गाव जागच्या जागी राहिलं. 1964 च्या कायद्याने जमीन 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. स्थलांतर कोंदाचं, भोग मयेकरांचे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेती, स्वतः बांधलेलं घर, आणि जमिनीच्या कागदावर नाव भलत्याचंच. यावर 2014 साली कायदा झाला. तोवर कितीतरी म्हातारे सनदेची वाट पाहत गेले. अशा गावात कुणी प्रोजेक्टर लावून सांगावं की पगाराकडे पाहू नका, मालकासारखं वागा, समभाग चौथ्या वर्षी मिळतील! मयेकर ऐकून घेतील. मालक नसताना मालकासारखं राबायचा त्यांचा अनुभव कुठल्याही इंटर्नपेक्षा दांडगा आहे. चिकाटीवरचं सत्र तर गुरूने मुकाट्याने रद्द करावं.

शिबिराचा शेवट अर्थातच मयेच्या तळ्यावर करावा. तिथे 55 मीटर उंचीवरून बंजी उडीची सोय झाली आहे आणि संस्थापक मंडळींना जोखमीचं वेड असतं. सगळे वर चढतील, फोटो काढतील, धैर्यावर दोन शब्द बोलतील, आणि पायाला दोरी बांधायची वेळ आली की मागे वळून विचारतील, 'अरे, तो नवीन लागलेला मुलगा कुठाय?'