पर्यायपंडित

'पर्यायपंडित' हा शब्द कोणत्याही कोशात सापडत नाही, परंतु बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव यांपैकी कोणत्याही गावातील अभ्यासिकेचे दार लोटले की हा शब्द ज्याच्यासाठी घडवावा लागला तो मनुष्य लगेच सापडतो. अभ्यासिका म्हणजे एखाद्या कापड दुकानाच्या किंवा कृषी सेवा केंद्राच्या माडीवरची ती खोली, जिथे महिन्याकाठी ठरलेले पैसे भरणाऱ्यास एक खुर्ची, प्लायवुडचा आडोसा असलेले टेबल, पंख्याचा अर्धा वारा आणि मोबाइल चार्ज करण्यापुरते एक छिद्र हक्काने मिळते. या आडोशाआड बसून चार पर्यायांपैकी एक बरोबर पर्याय ओळखण्यात ज्याची सगळी विद्वत्ता खर्ची पडते, तो पर्यायपंडित होय. या सामासिक शब्दाचा विग्रह, म्हणजे फोड, 'पर्यायांतील पंडित' अशी केल्यास तो सप्तमी तत्पुरुष ठरतो आणि 'पर्यायांवर पोसलेला पंडित' अशी केल्यास मध्यमपदलोपी. 'ज्याला दुसरा पर्याय नाही असा पंडित' ही फोड मात्र व्याकरणात बसत नाही, जिल्ह्यात बसते.

अशा मनुष्याच्या वाट्याला जिल्हाही असा आला आहे, की ज्याच्या नावालाच दोन पर्याय आहेत. सरकारी कागदावर 'बुलढाणा' असते, तर कित्येक वर्तमानपत्रांत आणि दुकानांच्या पाट्यांवर 'बुलडाणा' दिसते. मूळ नाव 'भिल्लठाणा', म्हणजे भिल्लांचे ठाणे, असे सांगितले जाते; त्यातील 'ठ' हा महाप्राण, म्हणजे हकार मिसळलेला वर्ण असल्यामुळे त्याच्या जागी आलेला वर्णही महाप्राणच असावा आणि म्हणून 'ढ' शुद्ध, असे पर्यायपंडित सकाळच्या सत्रात सिद्ध करतो. दुपारी शेजारच्या टेबलावरचा दुसरा पर्यायपंडित बोलण्याच्या ओघात प्राण कसा गळून पडतो हे दाखवून 'ड' शुद्ध ठरवतो. संध्याकाळी दोघांचे एकमत होते ते एवढ्यावरच, की हॉल तिकिटावर जे छापून येईल ते शुद्ध. या एका निर्णयात या वर्गाचे सगळे भाषाशास्त्र सामावलेले आहे.

हा वर्ग निर्माण का झाला, याचे उत्तर भाषाप्रेमात शोधू नये. ते आकड्यांत आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि २०० गुणांच्या त्या परीक्षेतील १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न मराठीचे होते. म्हणजे एका वेलांटीची किंमत दोन गुण, आणि दोन गुणांच्या अंतरात किती हजार उमेदवार दाटीवाटीने उभे असतात याचा विचार केला, तर 'लिहिले' आणि 'लिहीले' यांतला फरक हा ऱ्हस्व-दीर्घाचा राहत नाही, तो सातव्या वेतन आयोगाचा होतो. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तर चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग कापला जातो, त्यामुळे तिथे अज्ञान महाग पडते आणि अर्धवट ज्ञान त्याहूनही महाग पडते.

प्रश्नाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. 'खालीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा' असे म्हणून पुढे चार वाक्ये दिलेली असतात: तिने वहीत अक्षर लिहीले, तीने वहीत अक्षर लिहिले, तिने वहीत अक्षर लिहिले, तिने वहित अक्षर लिहिले. यांतले तिसरे वाक्य बरोबर, हे पर्यायपंडित सहा सेकंदांत सांगतो, परंतु हा सराव वर्षानुवर्षे केल्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक प्रश्नात एक वाक्य शुद्ध आणि तीन अशुद्ध असल्याने, रोज शंभर प्रश्न सोडवणाऱ्याच्या डोळ्यांखालून शंभर शुद्ध आणि तीनशे अशुद्ध वाक्ये जातात. त्यामुळे जिल्ह्यात अशुद्ध मराठीचे सर्वाधिक वाचन कोणी केले आहे असा प्रश्न निघाला, तर त्याचे उत्तर शुद्धलेखनाचा हा कैवारीच ठरेल. 'आशीर्वाद' हा शब्द त्याने इतक्या विकृत रूपांत पाहिलेला असतो, की वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला असता त्याला पहिली शंका रफार कोणत्या अक्षरावर द्यावा याची येते.

या विद्येला सामाजिक मान मात्र मोठा आहे. गावात लग्न निघाले की पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी त्याच्याकडे येतो, आणि तो लाल पेन काढून प्रथम 'आग्रहाचे निमंत्रण' सोडून बाकी सगळ्याला हात घालतो. वराच्या आजोबांनी जुन्या वळणाने 'शेगांव' लिहिलेले असते; अनुच्चारित, म्हणजे बोलताना न उमटणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी रद्द केले असून त्या १४ नियमांत १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली आहे, हे तो आजोबांना समजावतो, आणि आजोबा आपल्या नातवाच्या लग्नात सरकार कुठून आले याचा विचार करत बसतात. मग लग्नस्थळाकडे वळून तो सांगतो, की गावाच्या नावातला 'पूर' नेहमी दीर्घ लिहावा, म्हणून 'मलकापूर'. परंतु विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे सामान्यरूप होते त्यात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते, म्हणून 'मलकापुरात'. वधूपित्याला या नियमाचे आश्चर्य वाटते, कारण गावात शिरताच गावाचे नाव आखूड होते आणि लग्नाचा खर्च मात्र दीर्घच राहतो.

वाक्प्रचारांच्या प्रांतात त्याची गती याहून अधिक आहे, कारण तिथे पाठांतर पुरते. वाक्प्रचार म्हणजे शब्दशः अर्थ बाजूला सारून रूढीने वेगळाच अर्थ देणारा शब्दसमूह, आणि मराठीने असे वाक्प्रचार पाण्याभोवती इतके रचले आहेत, की पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे अशा संग्रामपूर-शेगावच्या बाजूला वाढलेल्या मुलाला ती भाषेची चैन वाटावी. पाणी पाजणे म्हणजे पराभव करणे, पाणी पडणे म्हणजे वाया जाणे, पाणी सोडणे म्हणजे आशा टाकणे, पाणी जोखणे म्हणजे कुवत ओळखणे, हे सगळे तो एका दमात सांगतो. त्याच वेळी घरी टँकर आल्याचा निरोप येतो आणि पाणी 'भरणे' हा वाक्प्रचार नसून क्रिया आहे, याची आठवण त्याची आई त्याला करून देते. 'अठराविश्वे दारिद्र्य' या प्रयोगातील विश्वे म्हणजे विसे, म्हणून अठरा गुणिले वीस बरोबर तीनशे साठ, म्हणजेच वर्षाचे सगळे दिवस, हा उलगडा तो विशेष प्रेमाने करतो. त्याचा बाप कापूस आणि सोयाबीनचे भाव पाहून आलेला असतो. त्याला अर्थ आधीपासून ठाऊक असतो, गुणाकार तेवढा नवा असतो.

खरी अडचण बोलण्याची आहे. जिल्ह्याचे लोकांनीच 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग पाडलेले असून घाटाखाली वऱ्हाडी बोली अधिक ठसठशीत ऐकू येते. या बोलीत चतुर्थीचा प्रत्यय 'ला' नसून 'ले' आहे, म्हणून 'मले', 'तुले'. पुरुषासाठीही 'तो जाते', 'तो म्हणते' असे क्रियापद चालते. आणि 'ळ' हा वर्ण पुष्कळांच्या तोंडी 'य' होतो, म्हणून शाळेची 'शाया' होते. ज्या वर्णमालेत एकूण वर्ण किती हे विचारले जाते तिच्यातला एक वर्ण अशा रीतीने गावाच्या वेशीवरच गळून पडलेला असतो. पर्यायपंडित दिवसभर प्रमाण मराठी सोडवतो आणि रात्री वऱ्हाडीत जेवतो. चहाच्या टपरीवर या दोन भाषा समोरासमोर येतात. 'भौ, मागच्या महिन्याचे पैसे देल्ले नाही तू,' असे टपरीवाला म्हणतो, तेव्हा शुद्ध रूप 'तू पैसे दिले नाहीस' असे असून क्रियापद कर्ता आणि कर्म या दोघांच्याही तंत्राने चालल्यामुळे हा कर्तृकर्मसंकर प्रयोग आहे, असे पर्यायपंडित त्यास समजावतो. 'संकर त कपाशीत असते बाप्पा, उधारीत नसते,' एवढे बोलून टपरीवाला वही पुढे सरकवतो.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. मराठीतील आद्य गद्य ग्रंथ कोणता, या प्रश्नाचे 'लीळाचरित्र' हे उत्तर त्याला पाठ असते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या या ग्रंथाचे रिद्धपूर हे स्थान अमरावती जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडातच आहे, हेही पाठ असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे तर चालू घडामोडींत दोनदा येऊन गेलेले असते. या तीन प्रश्नांची तिन्ही उत्तरे बरोबर लिहून तो घरी येतो आणि आजीच्या बोलण्याला अशुद्ध म्हणतो, कारण ही उत्तरे एकत्र जोडा असा चौथा प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचात नसतो.

शुद्ध काय याचा अंतिम निवाडा उत्तरतालिकेत होतो. उत्तरतालिका म्हणजे परीक्षेनंतर प्रसिद्ध होणारी बरोबर उत्तरांची यादी, आणि तिच्यावर मुदतीत हरकत नोंदवता येते. वर्णमालेत वर्ण किती, हा हरकतींचा पिढीजात विषय आहे: मो. रा. वाळंबे यांच्या ज्या पुस्तकावर दोन पिढ्या पोसल्या त्याप्रमाणे १२ स्वर, २ स्वरादी आणि ३४ व्यंजने मिळून ४८, तर २००९ च्या शासन निर्णयानंतर 'ॲ', 'ऑ', 'क्ष' आणि 'ज्ञ' धरून ५२. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेला 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ अशा वेळी पुरावा म्हणून आठवला जातो, आणि 'मराठी भाषेचे पाणिनी' ज्यांना म्हणतात त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांची साक्ष काढली जाते, ज्यांचे १८३६ सालचे व्याकरण कोणी उघडलेले नसले तरी ज्यांची पदवी सर्वांना ठाऊक असते. पहिली उत्तरतालिका आल्यापासून अंतिम तालिका येईपर्यंतच्या काळात अभ्यासिकेत कटऑफचे भाकीत चालते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडून दुसऱ्या पहाटे कोणते धान्य किती हलले यावरून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. अभ्यासिकेतील मांडणी तशीच असते, फक्त धान्याच्या जागी प्रवर्ग असतात आणि सगळेच आपापल्या जागेवरून हललेले असतात.

या प्रतीक्षेत त्याला एका प्रयोगाची ओळख पुस्तकाबाहेर होते. 'रावण रामाकडून मारला गेला' अशा रचनेस नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात आणि तो इंग्रजीच्या वळणाने मराठीत आला, असे त्याने वाचलेले असते. 'परीक्षा पुढे ढकलण्यात आली आहे', 'सुधारित वेळापत्रक यथावकाश जाहीर केले जाईल' ही वाक्ये त्याच जातीची असून त्यांत रामही दिसत नाही. मारल्या गेलेल्याचा पत्ता मात्र अर्जावर अचूक नोंदलेला असतो. त्याचा स्वतःचा काळ अशा वेळी अपूर्ण वर्तमान होतो. गावी आजी विचारते, 'काय करून रायला रे?' आणि तो शुद्धलेखन विसरून उत्तर देतो, 'अभ्यास करून रायलो.' हे रूप कोणत्याही पर्यायात नसते, परंतु अभ्यास चालू आहे, मनुष्य आहे तिथेच थांबला आहे आणि यंदाही तो मागे राहिला आहे, हे तिन्ही अर्थ एका क्रियापदात सांगण्याची सोय प्रमाण भाषेत नाही.

शेवटी सगळे एका 'लागणे' या क्रियापदाशी येऊन थांबते. याच क्रियापदाने भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, निकाल लागतो आणि नोकरीही लागते. 'त्याला नोकरी लागली' या शुद्ध वाक्यात नोकरी ही कर्ता असून ज्याने सहा वर्षे रात्रीचा दिवस केला तो चतुर्थी विभक्तीत, म्हणजे 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभा असतो. चतुर्थ श्रेणीच्या जागेसाठी उभा असतानाही त्याची विभक्ती तीच असते. गावची माणसे हे वाक्य असे बोलत नाहीत. तलाठ्याच्या यादीत एखाद्याचे नाव आले की पारावर 'पोरगं लागलं' असे म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत पोरगा प्रथमेत जाऊन बसतो, नोकरीचा उल्लेखही करावा लागत नाही. पर्यायपंडिताच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू व्याकरणाच्या भाषेत सांगायचा, तर चतुर्थीतून प्रथमेत जाणे एवढाच आहे. ते ज्या दिवशी घडेल त्या दिवशी त्याची आई 'लागला बाप्पा एकदाचा' असे म्हणेल, आणि हे वाक्य शुद्ध आहे की अशुद्ध हे तो बहुधा तपासणार नाही.