शाळा उद्योग, बाई कामगार नाहीत

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगार कायद्यातल्या ‘उद्योगा’ची व्याख्या इतकी ऐसपैस केली, की शाळाही तिच्यात मावली. दहा वर्षांनी गोव्यातल्या एका कामावरून कमी केलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात निकाल लागला: शाळा उद्योग खरी, पण शिक्षिका ‘कामगार’ नाही. अध्यापन हे उदात्त कार्य. ते ना अंगमेहनतीत बसतं, ना कारकुनीत. त्याच शाळेचा कारकून मात्र कामगार! त्याचं काम सुदैवाने उदात्त नाही.

२००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक असेच वगळले गेले. शेवटी २००९ मध्ये संसदेने तो कायदा बदलला, तोही १९९७पासून लागू करून.

सन्मानाची ही तऱ्हा स्वस्त पडते. गरोदर बायांच्या नोंदी घेत वाडीवस्ती तुडवणारी आशा सेविका सरकारदरबारी ‘स्वयंसेविका’. तिला पगार नसतो, मोबदला असतो. पावसात भिजत जेवणाची पार्सलं पोचवणारा पोरगा ‘पार्टनर’, भागीदारी बहुधा पेट्रोलच्या खर्चात. दिवसभर बिलं नोंदवणारा ‘असिस्टंट मॅनेजर’ होतो. हाताखाली कुणी नाही, पण ओव्हरटाइमचा विषय मिटतो.

न्यायालय पदाची पाटी बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहतं, हे खरं. त्याआधी काही वर्षं तारखा घ्याव्या लागतात, तेही बिनपगारी.