हरण्याचा मोसम, गवत कापण्याचा मुहूर्त

शिकागोच्या दक्षिण भागातल्या बेसबॉलभक्ताचा 2024 चा उन्हाळा त्याच्या घरच्यांना भलताच मानवला. त्याचा लाडका व्हाइट सॉक्स संघ जुलै-ऑगस्टमध्ये सलग 21 सामने हरला. ओळीने चार शनिवार-रविवार विजय नाही. अंगणातलं गवत मात्र चारही वेळा वेळेवर कापलेलं!

पूर्वी सामना तीन तास चाले. ‘एवढी इनिंग संपू दे’ म्हणत पन्हळीतला पालापाचोळा खुशाल पुढच्या आठवड्यावर ढकलता येई. 2023 मध्ये लीगने पिचरमागे घड्याळ लावलं: बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाका. सामने सरासरी वीस-पंचवीस मिनिटं लवकर आटपू लागले. ही वाचलेली मिनिटं कुणाच्या खात्यात जमा झाली, ते गॅरेजमधल्या शिडीला विचारा.

बरं, सामना बघून तरी काय दिवे लागणार होते? 162 पैकी 121 पराभव! 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचा 120 पराभवांचा आधुनिक विक्रमही मोडीत निघाला. मेट्सने निदान सातच वर्षांनी, 1969 मध्ये, वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या हिशेबाने या भक्ताने 2031 पर्यंत धीर धरायचा. तोवर गॅरेज रंगवून होईल. बायकोच्या यादीत पुढे तळघर आहेच.